आईचं तोंड बघायचं नाही

१

कोंडवाडीत त्या सकाळी देव मेला, आणि तो मैनाच्या न्हाणीमागं पालथ्या पाटीखाली सापडला.

सापडवला सुलाबाईनं. शेजारणीच्या पाटीखाली काय आहे हे बघायला सुलाबाईला कधीच कारण लागलेलं नाही. तिनं पाटी उचलली आणि अशी किंचाळली, की देवळामागच्या चिंचेवरचे बगळे उठले.

"आईला मारलं! ह्या सटवीनं आईला मारलं!"

पाटीखाली चांगला दीड हात लांबीचा मासा होता. काळपट पाठ, जाळी विणल्यासारखे खवले, आणि नाकात डाव्या अंगाला चांदीची नथ. नथ दिसल्यावर पुढं बघायची कुणाला गरज वाटली नाही.

घोटीपासून आत गेलं की नदी एका जागी वळते. तिथं देवळाखाली डोह आहे. डोहात खडस मासे आहेत आणि त्यांना कुणी गळ लावत नाही, जाळं टाकत नाही. त्यांतली सगळ्यांत मोठी मादी म्हणजे आई. दर चैत्रात जत्रेला आईची जुनी नथ काढून नवी घालतात. हा मान मैनाच्या सासरचा. मानकरी छातीभर पाण्यात उतरतो, घरातलं एक माणूस पाण्यातच कापडाचा आडोसा धरतं, आणि काठावरचा अख्खा गाव नदीकडं पाठ करून उभा राहतो. आईचं तोंड बघायचं नाही, हा नेम. पाण्यात वरून दिसते ती पाठ आणि नथेची लकाकी, तेवढ्यावर गावाची पिढ्यान्‌पिढ्या भक्ती चालली होती.

नवरा गेल्यापासून हा मान मैना करत होती. बाईमाणूस मानाला, हे निम्म्या गावाला खपत नव्हतं. उरलेल्या निम्म्याला वेगळंच खुपत होतं. मानाबरोबर काठावरचं घर येतं आणि एक शब्दही येतो. मानकऱ्याच्या होकाराशिवाय डोहात कुणी गळ टाकायचा नाही.

"बाहेर काढा तिचं सामान!" कुणीतरी ओरडलं, आणि मैनाचा तवा अंगणात येऊन पडला. पाठोपाठ परात. माणसं वस्तू फेकायला लागली की आधी स्वैपाकघरच का धरतात, देव जाणे.

"संध्याकाळी देवळापुढं बैठक," असा निरोप आला. "मान काढायचा, घर खाली करायचं."

नेमक्या त्या वेळी नाशिकहून एक गाडी येऊन थांबली. तिच्यातून उतरला रविराज, नाशकातल्या एका गळबाजांच्या क्लबाचा अध्यक्ष. डोळ्यांवर काळा चष्मा, पँटीला मोजता येणार नाहीत इतके खिसे. दुसऱ्या दारातून सुती साडी आणि बूट अशा वेषात आहेरबाई उतरल्या.

त्या गर्दीतून वाट काढत पाटीपाशी गेल्या, वाकल्या, आणि स्वतःशीच सटाण्याच्या बोलीत पुटपुटल्या, "हाऊ तो मासा नही शे."

२

निर्मला आहेर यांनी उमेदीची वर्षं सटाण्याच्या कांदा मार्केटात माल तपासण्यात घालवली होती. गोणीत वरचा थर टपोरा आणि खाली सडका माल, हे पाहून पाहून त्यांचा हात आपोआप गोणीच्या तळाशी जायचा. गळ टाकायला त्या चाळिशीत आपल्या आपण शिकल्या आणि एकसारखे दिसणारे मासे वेगळे ओळखण्यात इतक्या तयार झाल्या, की क्लबानं त्यांना स्पर्धेची पंच केलं. क्लब अजून पस्तावतोय. दोन वर्षांपूर्वी त्यांनी खुद्द अध्यक्षांच्या हातातला करंडक, फोटो काढून झाल्यावर, परत घेतला होता. मासा सांगितला तो नव्हता, एवढंच कारण.

"बाई," रविराज दात आवळून म्हणाला, "तुम्हाला डोहातल्या माशांची नोंद करायला आणलंय. इथं पंचगिरीचं दुकान नको."

"नोंदच करतेय."

त्यांनी माशाचा कल्ला उचकटला. आत लालभडक हवं तिथं चहाच्या चोथ्याचा रंग. वास घेतला. बर्फाच्या पेटीचा, शिळा, गारढोण वास. मग माशाच्या ओठांवरून बोट फिरवलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. नथेची तार चिमटीत धरून पाहिली. तार झिजून बारीक आणि काळी पडलेली होती.

"हात काढा, माउली!" मागून आवाज आला.

गर्दी दुभंगली. देवस्थानाचे अध्यक्ष चिमाजीअण्णा आले. गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर उपरणं, ते नाकाला लावलेलं.

"देवाचं कलेवर आहे ते. पाण्यात सोडायचंय. बाजारातल्यासारखं काय चाचपता?"

"संध्याकाळपर्यंत राहू द्या अण्णा. न्याय करायचाय ना? मग पुरावा नको का?"

"शोधा." अण्णा दोन पावलं मागं सरले. "जे सापडायचं ते सापडलेलंच आहे."

मैनाला पुढं ढकललं. पस्तिशीची, उन्हानं रापलेली, ओठ मिटलेले. तिनं माशाच्या तोंडाकडं, नथेकडं पाहिलंच नाही. ती खाली बसली, अंगठ्यानं कल्ल्यामागचा पर वर उचलला, खाली पाहिलं आणि पर सोडून दिला.

"ही आई नाय," ती म्हणाली.

"मग आई कुठंय?" सुलाबाई गरजली. "धरणाचं आवर्तन सुटल्यापासून दिसली का कुणाला?"

"कपारीत हाय. पाणी निवळलं की यील."

"कशावरून ही आई नाही?" आहेरबाईंनी विचारलं.

मैना त्यांच्याकडं बघत राहिली. "नाय सांगता यायचं."

"सांगितलंत तर घर वाचेल."

"घर जाऊंद्या."

मातीचं ढेकूळ आलं आणि मैनाच्या खांद्यावर फुटलं. तिनं ते झटकलंसुद्धा नाही.

३

मैनाचा दीर गोरक्ष पाराखाली जाळं दुरुस्त करत होता. धरणावरच्या मच्छीमार सोसायटीत त्याची होडी होती आणि घोटीच्या बाजारात त्याचा माल जायचा. माणूस बोलायला गोड नव्हता आणि त्यानं तसा प्रयत्नही केला नाही.

"तुमी कोन? पोलीस?"

"नाही. पंच."

"मंग स्पर्धा भरवा आन् शिट्टी वाजवा. वैनीनं मान बाटवला, आता भोगल. भाऊ गेल्यावर मान माझ्याकडं यायला पायजे व्हता. आमच्या म्हातारीनं तिला दिला. का, तर म्हणं हिचा हात हलका हाय."

"तुमचा हात जड?"

"माझा हात," गोरक्षनं सुई थांबवली, "उभ्या गावाला मासळी खाऊ घालतो बाई. जास्त बोलू नका."

"एकदा मासा बघा आणि सांगा, आई आहे की नाही."

तो आला. मोठ्या तोऱ्यात बसला. नथेकडं नजर न टाकता त्यानं अंगठ्यानं कल्ल्यामागचा पर उचलला आणि तो सोडताना त्याच्या ओठाची एक कड हलली. आहेरबाईंनी ती बघितली.

"आईच हाय," तो उठत म्हणाला. "नाकात नथ हाय की ढळढळीत."

"तुम्ही भावाबरोबर पाण्यात उतरायचे?"

"कापड मीच धरायचो."

"म्हणजे तुम्ही बघितलंय."

"कापड धरनाऱ्यानं वर आभाळाकडं बघायचं असतं." तो निघाला आणि चार पावलांवर वळला. "तिला म्हणावं, मान सोड. मंग बघू कोन तुझं घर घेतंय."

आहेरबाई तिथंच उभ्या राहिल्या. हा माणूस खोटं बोलला, यात त्यांना शंका नव्हती. प्रश्न वेगळाच होता. खोटं बोलणारा आणि मासा ठेवणारा, एकच का?

४

देवळात चिमाजीअण्णा लाह्यांची टोपली झाकत होते.

"रोज मीच घालतो," ते म्हणाले. "पहिल्या पायरीवरून. जन्म गेला यात. मी माळकरी माणूस, मासळीला शिवत नाही. घोटीच्या बाजारातून जायचं झालं तर नाकाला उपरणं. पण डोहातले मासे म्हणजे माझी लेकरं."

"लेकरांना जवळून कधी पाहिलंत?"

"नेम आहे ना! वरूनच पाहायचं."

"जुन्या नथींचं काय करता?"

प्रश्नानं अण्णा सुखावले. गाभाऱ्याच्या कोनाड्यात पितळी पेटी होती, तिच्यावर त्यांनी थाप मारली. "जत्रेला मानकरी उतरवतो आणि माझ्या हातात देतो. यात ठेवतो. किल्ली माझ्या कडदोऱ्याला. आंघोळीलासुद्धा सोडत नाही. या पेटीत हात घालायची कुणाची टाप आहे?"

"कुणाचीच नाही?"

"गोरक्षची नाही, मैनाची नाही, तुमच्या त्या चष्मेवाल्याची तर नाहीच."

"चष्मेवाल्याला डोह हवाय ना?"

अण्णांचा चेहरा आवळला. "गळ टाकायचा, फोटो काढायचा, मासा सोडायचा. कुणाला इजा नाही. चार पोरांना काम मिळेल. पण एक बाई आडवी पडली तर गावानं काय तिच्या पाया पडत बसायचं?" मग आवाज खाली आणत ते म्हणाले, "असो. आवर्तनाचा लोंढा आला तेव्हा वाटलं, आई वाहून गेली. आता खरं काय ते कळलं."

"पेटीतली या वर्षीची उतरवलेली नथ दाखवता?"

"बाहेरच्यांसाठी पेटी उघडत नाही."

"मग बैठकीत उघडा. गावासाठी."

अण्णांनी लाह्यांच्या टोपलीवरचं फडकं उगीचच पुन्हा नीट केलं. "बघू."

पायऱ्या उतरताना आहेरबाईंना खाली रविराज भेटला, चिडून लाल झालेला. "तुमच्यामुळं डोहाचा करार बोंबलणार. काय मिळतं तुम्हाला?"

"एक सांगा. मैनाचा होकार नसताना तुम्ही आज सही करायला कसे आलात?"

त्यानं चष्मा काढला. मग चष्मा पुसत म्हणाला, "अडचण दूर होतेय, असं कळवलं होतं."

"कुणी?"

त्यानं वर देवळाकडं पाहिलं.

५

बैठकीला गाव झाडून आला होता. मासा परातीत, मैनाच्याच परातीत, मधोमध ठेवला होता. मैना एका बाजूला जमिनीवर बसली होती. तिच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं, म्हणून आहेरबाई बसल्या.

"बोला बाई," चिमाजीअण्णा म्हणाले, "तुमचा शोध ऐकू द्या. मग आम्ही आमचा निर्णय ऐकवतो."

आहेरबाई उठल्या. "हा मासा खडस नाही. हा गवत्या आहे. तळ्यात वाढवतात, बर्फात घालून बाजारात विकतात. वरून दोघं भाऊ दिसतात. फरक तोंडात आहे. खडसाला मिशा असतात."

एकच गिल्ला झाला.

"आमच्या आईला मिशा?" सुलाबाई उभी राहिली. "जीभ झडल तुझी! बाईला मिशा म्हणती!"

"हाकला हिला!"

"हिला पण नदीत सोडा!"

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," आहेरबाईंनी आवाज चढवला. मार्केटात लिलावाच्या गलक्यावर चढायची सवय कामी आली. "माझ्या दुश्मनाला विचारा. रविराज, मी तुमचा करंडक का काढून घेतला?"

सगळ्या माना वळल्या. रविराजची कानशिलं तापली. क्लबात हे कधी बोललं जात नसे, आणि इथं तर परकं गाव.

"हा काय प्रश्न झाला?"

"नका सांगू. मग मला म्हणावं लागेल की डोह हवा होता तुम्हाला आणि मासा ठेवलात तुम्ही."

गावानं रविराजकडं जरा निराळ्या नजरेनं पाहायला सुरुवात केली. एकानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

"मिशा नव्हत्या!" रविराज ओरडला. "मी खडस म्हणून दाखवला, तो गवत्या निघाला! खडसाला चार मिशा असतात, दोन वर, दोन तोंडाच्या कोपऱ्यात. ओठ जाड. खवले याच्याहून मोठे. गवत्याला एकही मिशी नसते. या बाईनं सगळ्यांसमोर माझ्या हातात भिंग दिलं होतं. मरेपर्यंत विसरणार नाही मी!"

"म्हणून तुम्ही सुटलात," आहेरबाई म्हणाल्या. "ही चूक ज्याला एकदा इतकी झोंबली, तो ती पुन्हा करणार नाही. खोटी आई आणायची तर निदान मिशीवाला मासा आणला असता."

माणसं परातीवर वाकली. आयुष्यात पहिल्यांदा गाव एका माशाच्या तोंडाकडं नीट बघत होतं.

"मग गोरक्ष," कुणीतरी म्हणालं. "त्यालाच मान पायजे व्हता."

गोरक्ष ताडकन उठला. "तोंड सांभाळ!"

"गोरक्ष रोज हाच गवत्या विकतो," आहेरबाई म्हणाल्या. "डोळे बांधले तरी तो चुकायचा नाही. आणि अजून एक. या माशाला नथ चुकीच्या जागी टोचलीय. खरी कुठं असते, ते मी सांगणार नाही. मैनानं घर जाऊ दिलं पण ते सांगितलं नाही, मग मी कोण सांगणारी? मात्र हे तिला माहीत होतं आणि गोरक्षला माहीत होतं. दोघांनी सकाळी एकाच जागी हात घातला." त्या त्याच्याकडं वळल्या. "तुम्ही मासा ठेवला नाहीत. पण ही आई नाही हे तुम्हाला कळलं, आणि भावाच्या बायकोला ढेकळं बसताना तुम्ही गप्प बसलात. त्याला काय म्हणायचं, ते गावानं ठरवावं."

गोरक्ष खाली बसला. मैनानं त्याच्याकडं पाहिलं नाही.

६

"आता उरलं कोण?" आहेरबाई म्हणाल्या. "ज्यानं मासा कधी हातात धरला नाही. ज्यानं आईला जन्मभर पहिल्या पायरीवरून, फक्त वरून पाहिलं. बाजारात काळी पाठ आणि जाळीदार खवले दिसले की ज्याला तेवढं पुरलं. नथ म्हणजे बाईच्या नाकात, तीही डावीकडं, असं ज्यानं गृहीत धरलं."

"असं तर सगळं गाव आहे!" चिमाजीअण्णा म्हणाले. "उद्या माझंही नाव घ्याल."

"सगळं गाव आहे, खरंय. पण नथ सगळ्या गावाकडं नाही. या चैत्रात आईला नवी नथ घातली. नवी चांदी इतक्या थोड्या दिवसांत अशी झिजते का? ही वर्षभर पाण्यात राहून आलेली, उतरवलेली नथ आहे. ती तुमच्या पेटीत असते. पेटीत हात घालायची कुणाची टाप नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत. उघडा, अण्णा."

अण्णांचा हात कडदोऱ्यावर गेला आणि तिथंच राहिला.

"उघडा की," सुलाबाई म्हणाली. तिचा आवाज तोच होता, फक्त तोंड दुसरीकडं वळलं होतं.

अण्णांनी किल्ली मुठीत आवळली.

"अडचण दूर करतो, असं यांनीच कळवलं होतं मला," रविराज म्हणाला. त्याला आज एवढं खरं बोलावं लागलं होतं, की आणखी थोड्यानं काही बिघडणार नव्हतं.

"मारलं नाही मी काही!" अण्णांचा आवाज फाटला. "बाजारातून मेलेला आणला. नाकाला उपरणं लावून, या हातानं! आई गेलीच होती. लोंढ्यात गेली! गेलेल्या देवाच्या नावानं ही बाई गावाला अडवून बसणार होती. मी फक्त..."

"गेली नाय," मैना म्हणाली.

दिवसभरात ती पहिल्यांदाच कुणी न ढकलता, न विचारता बोलली होती. ती उठली, देवळातून लाह्यांची टोपली घेऊन आली आणि पायऱ्या उतरू लागली. कुणी अडवलं नाही. गाव तिच्या मागोमाग काठापर्यंत गेला.

आवर्तनाचा गढूळपणा खाली बसत होता. मैना शेवटच्या पायरीवरून पाण्यात उतरली, कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, आणि पायऱ्यांलगतच्या कपारीच्या तोंडाशी उभी राहून तिनं मूठभर लाह्या सोडल्या. लाह्या तरंगल्या. एक छोटा खडस आला, दुसरा आला.

"नाही येत," मागून अण्णा पुटपुटले. त्या आवाजात भीती होती की आशा, सांगता येत नव्हतं.

मग कपारीतला अंधार हलला. एक रुंद, काळी पाठ पाण्याखालून सावकाश वर आली. आहेरबाईंनी सवयीनं मनातल्या मनात तिची लांबी मोजायला घेतली आणि लगेच सोडून दिली. असा खडस त्यांनी पाहिला नव्हता. पाठीच्या पुढच्या कडेला, नवीकोरी, पांढरीशुभ्र लकाकी चमकली आणि विझली, पुन्हा चमकली.

काठावर कुणीतरी हुंदका दिला. सुलाबाई होती. मैनाच्या अंगणातला तवा उचलून ठेवायला तीच आधी पळणार होती आणि नंतर महिनाभर तेच सांगत फिरणार होती.

"पाठ करा," मैना पाण्यातून म्हणाली.

गाव वळला. चिमाजीअण्णाही वळले, कारण नेम होता. गोरक्ष मात्र पायरीपर्यंत गेला, खांद्यावरचा पंचा उलगडला आणि कापड धरायला पाण्यात पाय घातला.

"तू नाय," मैना म्हणाली. "वर उभा ऱ्हा. समद्यांसंगं."

तो सगळ्यांबरोबर पाठ करून उभा राहिला.

"बाई," रविराज आहेरबाईंच्या कानाशी कुजबुजला, "बघून घ्या. असं तोंड पुन्हा दिसायचं नाही. तुम्ही तर गावच्याही नाही."

जन्माची अर्धी वर्षं वरच्या थराखाली हात घालण्यात गेली होती आणि उरलेली माशांची तोंडं उचकटून बघण्यात. शेवटच्या पायरीवर उभ्या आहेरबाईंनी मोठ्या कष्टानं समोरच्या चिंचेवर नजर रोवली. बगळे परत येऊन बसत होते.

मागं पाणी डुचमळलं. जाड ओठांनी लाह्या ओढल्याचा मऊ आवाज झाला, एकदा, दोनदा.

"बाई," मैना हळूच म्हणाली, फक्त त्यांच्यापुरतं, "लाही अडाकलीया तिच्या मिशीला."

आहेरबाई चिंचेकडं बघूनच हसल्या.